प्लेटलेट नॉर्मल, तरी रक्त का येतं?

पावसाळा सरत आला की नागपुरात अंगावर एक लाल ठिपका दिसला तरी पहिला प्रश्न ठरलेला: "प्लेटलेट किती?" डेंग्यूने ही सवय लावली आहे आणि सवय वाईट नाही. गडबड पुढे होते. रिपोर्टवर 2 लाख 40 हजार आकडा दिसला की घरचे निर्धास्त होतात. मग मांडीवरचे निळे डाग, ब्रशला लागणारं रक्त, इंजेक्शनच्या जागी दोन दिवस राहिलेली गाठ, हे सगळं 'उष्णता झाली' या खात्यात जमा होतं.

रक्त थांबायला प्लेटलेट लागतात, पण एकट्या प्लेटलेटने काम भागत नाही. शेतात पाट फुटला तर माणूस काय करतो? हाताला येईल ते ढेकूळ, पेंढी त्या भगदाडात कोंबतो. पाण्याचा जोर कमी झाला की वरून चिखल थापून पक्कं करतो. आणि पाटाची मातीच भुसभुशीत असेल तर कितीही कोंबा, बाजूने पाणी पाझरतंच. शरीरात रक्तवाहिनीची भिंत म्हणजे ती माती, प्लेटलेट म्हणजे पेंढी, आणि रक्त गोठवणाऱ्या घटकांपासून बनणारी फायब्रिनची जाळी म्हणजे वरचा चिखल. भिंतीला क जीवनसत्त्व लागतं, जाळीला के, आणि प्लेटलेट तयार व्हायला बी12 व फोलिक ॲसिड. यातलं काय कमी आहे त्यावर रक्त कुठून येईल आणि कोणता रिपोर्ट बिघडेल, हे ठरतं. म्हणून 'व्हिटॅमिन कमी असेल' म्हणत मल्टिव्हिटॅमिनची बाटली आणण्यात फारसा अर्थ नाही. कुठलं कमी आहे आणि का कमी झालं, यातलं 'का' जास्त महत्त्वाचं.

के: माल तयार, पण अडकवायचा आकडाच नाही

1929 च्या सुमारास डेन्मार्कचे हेन्रिक दाम कोंबडीच्या पिल्लांना चरबी काढून टाकलेलं खाद्य देत होते. पिल्लांना कातडीखाली रक्तस्राव होऊ लागला आणि ज्ञात जीवनसत्त्वांपैकी एकानेही तो थांबेना. 1935 मध्ये त्यांनी या अज्ञात पदार्थाला 'कोआगुलेशन' या शब्दातलं के हे अक्षर दिलं. पुढे 1943 चं नोबेल त्यांना आणि अमेरिकेच्या एडवर्ड डॉइझी यांना मिळून जाहीर झालं.

यकृत रक्त गोठवणारे बरेच घटक बनवतं. त्यातल्या 2, 7, 9 आणि 10 क्रमांकाच्या घटकांवर शेवटी एक आकडा, म्हणजे हूक, बसवावा लागतो. त्या आकड्यात कॅल्शियम अडकतं आणि कॅल्शियमच्या आधाराने तो घटक जखमेवरच्या प्लेटलेटला चिकटतो. आकडा बसवण्याचं काम के जीवनसत्त्वाशिवाय होत नाही. के नसलं तरी घटक तयार होतात, रक्तात फिरतात, पण जखमेजवळ थांबत नाहीत. कारखान्यातून माल निघतोय, पण वाटेत कुठेच उतरत नाही, असा प्रकार.

मोठ्या माणसाला रोज सुमारे दर किलो वजनामागे 1 मायक्रोग्रॅम के पुरतं. वाटीभर पालक, मेथी, चवळी किंवा अंबाडी अशा पालेभाजीत त्याहून जास्त मिळतं. म्हणजे धडधाकट, घरचं जेवणाऱ्या माणसाला ताटातल्या कमतरतेमुळे के कमी पडणं दुर्मीळच. कमी पडतं ते शोषणात.

के चरबीत विरघळतं आणि चरबी पचायला पित्त लागतं. पित्तनळीत खडा अडकला किंवा स्वादुपिंडाच्या तोंडाशी गाठ झाली की पित्त आतड्यात उतरत नाही. डोळे पिवळे, लघवी गडद चहासारखी, शौच मात्र पांढुरकं मातकट, आणि अंगाला भयंकर खाज. ही अडथळ्याची कावीळ. आपल्याकडे कावीळ म्हटली की आधी झाडपाला, मग उसाचा रस, तेल-तूप बंद, उकडलेलं खाणं. विषाणूची कावीळ पुष्कळदा आपली आपण बरी होते, त्यामुळे श्रेय औषधाला जातं. अडथळ्याच्या काविळीत मात्र हेच तीन-चार आठवडे घातक ठरतात, कारण यकृतातला के चा साठा काही दिवस ते फार तर दोनेक आठवडे टिकतो. शेवटी रुग्ण दवाखान्यात येतो तेव्हा सलाईनच्या सुईच्या जागेतून रक्त झिरपत असतं. डोळे पिवळे आणि शौच पांढरं असेल तर त्याच दिवशी पोटाची सोनोग्राफी, एलएफटी (यकृताची तपासणी) आणि पीटी-आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारी तपासणी) करून घ्यावं.

दुसरी जागा खुद्द दवाखाना. म्हातारं माणूस, न्यूमोनिया, दहा-बारा दिवस जोरदार अँटिबायोटिक, तोंडाने काही नाही, फक्त सलाईन. अन्नातून के बंद, आतड्यातले के बनवणारे जिवाणू अँटिबायोटिकने मेलेले. त्यात सेफोपेराझोनसारखं काही औषध असलं तर ते वापरलेलं के पुन्हा कामाला लावण्याची यकृतातली सोयही अडवतं. अशा रुग्णाच्या लघवीत लाली दिसली किंवा नळीच्या जागी डाग पसरू लागला तर नातेवाइकांनी "पीटी तपासलं का?" असं जरूर विचारावं. त्यात डॉक्टरांचा अपमान नाही.

जुना अतिसार, सीलिॲक आजार (गव्हातलं ग्लुटेन न सोसणं), दारूने झिजलेलं स्वादुपिंड, आतड्याचा भाग कापलेला असणं, वजन उतरवायची ऑर्लिस्टॅट गोळी: या सगळ्यांतही चरबी शोषली जात नाही आणि के तिच्याबरोबर वाहून जातं. शौच तेलकट, तरंगणारं, फ्लश केल्यावरही चिकटून राहणारं असेल तर ही शंका घ्यावी.

वॉरफरिन किंवा ॲसिट्रोम या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांची गोष्ट वेगळी. हृदयाची धातूची झडप असलेल्यांना किंवा पायात गुठळी झालेल्यांना या गोळ्या मुद्दाम के ची वाट अडवायला दिलेल्या असतात. आयएनआर बहुतेकांचा 2 ते 3 मध्ये ठेवतात, काही झडपांसाठी 2.5 ते 3.5. यांचा घोटाळा दोन ठिकाणी होतो. एक, कोणीतरी सांगतं 'पालेभाजी बंद', म्हणून महिनाभर बंद. मग हिवाळ्यात मेथी-पालकाचा हंगाम आला की रोज. आयएनआर वरखाली होतो तो यामुळे. पालेभाजी बंद करायची नाही, दर आठवड्याला साधारण तेवढीच खायची आणि गोळीचा डोस त्या खाण्यावर बसवून घ्यायचा. दुसरा घोटाळा जास्त धोक्याचा: जुलाबासाठी मेट्रोनिडाझोल, लघवीच्या जळजळीसाठी कोट्रायमॉक्साझोल, नायट्यासाठी फ्लुकोनाझोल अशी गोळी मेडिकल स्टोअरमधून परस्पर घेणं. या तिन्हींमुळे आयएनआर झपाट्याने चढतो. नवं औषध सुरू झालं की तीन ते पाच दिवसांत आयएनआर तपासावा.

उंदीर मारायच्या औषधाबद्दलही इथेच सांगायला हवं. त्यातलं ब्रोमॅडिओलोन हे वॉरफरिनचंच थोरलं भावंड. चुकून पोटात गेलं तर पहिले दोन दिवस माणूस ठणठणीत दिसतो, रक्त नंतर येतं, आणि के च्या गोळ्या आठवडे, कधी महिने घ्याव्या लागतात. 'काही झालं नाही' म्हणून घरी थांबू नये. पाकीट घेऊन लगेच दवाखान्यात जावं.

के कमी झालं की रिपोर्टमध्ये आधी पीटी लांबतो, कारण 7 क्रमांकाचा घटक रक्तात चार-सहा तासांतच निम्मा होतो. कमतरता वाढली की एपीटीटी, म्हणजे गोठण्याची दुसरी तपासणी, तीही लांबते. प्लेटलेट मात्र नॉर्मल असतात. रक्त मुरतं ते खोल: स्नायूत गाठ, लघवीत लाली, काळं शौच, दात काढल्यावर न थांबणारी धार.

हा रिपोर्ट बिघडायचं एक साधं कारण नळीत असतं. पीटीसाठी निळ्या झाकणाची नळी वापरतात. तिच्यात रक्त गोठू न देणारं सायट्रेटचं द्रावण आधीच भरलेलं असतं, आणि त्याच्या नऊ पट रक्त खुणेपर्यंत भरलं तरच प्रमाण जुळतं. शिर सापडेना म्हणून निम्मीच नळी भरली तर सायट्रेट जास्त पडतं आणि चांगल्या माणसाचाही पीटी लांबलेला दिसतो. सॅम्पल घरी येऊन नेत असतील तर नळी खुणेपर्यंत भरली का, एवढं बघावं. आणि अचानक वेडावाकडा आकडा आला तर उपचाराआधी दुसरं सॅम्पल द्यावं.

उपचारात के1 (के चाच एक प्रकार) चं 10 मिग्रॅ इंजेक्शन 50 ते 100 मिली सलाईनमध्ये मिसळून 20 ते 30 मिनिटांत सावकाश शिरेतून देतात. घाईने दिलं तर क्वचित जिवावर बेतणारी ॲलर्जी होते. दंडात किंवा कमरेत टोचत नाहीत, कारण न गोठणाऱ्या रक्ताची तिथेच मोठी गाठ होते. सहा-आठ तासांत आयएनआर उतरू लागतो आणि 24 तासांत बराच खाली येतो. उतरलाच नाही, तर दोष के चा नसून यकृताचा आहे असं समजतात. एका इंजेक्शनात उपचार आणि तपासणी दोन्ही साधतात, ही त्याची गंमत. रक्तस्राव जोराचा असेल तर इतका वेळ थांबता येत नाही. मग दर किलोला 10 ते 15 मिली प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पेशी वगळून उरलेला द्रव, चढवतात, म्हणजे 60 किलोच्या माणसाला साधारण तीन-चार पिशव्या.

क: संत्र्याच्या गावात स्कर्व्ही?

होते. वैद्यकाच्या पुस्तकात जहाजावरच्या खलाशांचा आजार म्हणून शिकवतात, म्हणून ओळखू येत नाही, एवढंच.

भिंतीला बळ देणारं कोलॅजन म्हणजे तीन पदरांची वळलेली दोरी. पदर एकमेकांत घट्ट बसायला त्यांच्यावर काही ठिकाणी रासायनिक गाठी माराव्या लागतात. त्या मारणाऱ्या एन्झाइममधलं लोह कामाच्या अवस्थेत ठेवणं हे क चं काम. क नसलं की दोरी सैल वळली जाते आणि केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या आतल्या दाबानेच फुटतात. उभं राहिल्यावर सर्वांत जास्त दाब पायांवर, म्हणून डाग आधी नडगीवर आणि मांडीवर.

टॉर्च आणि साधं भिंग घेऊन ते ठिपके जवळून बघा. प्रत्येक ठिपक्याच्या बरोब्बर मध्यात एक केस असतो. तो केस सरळ नसतो, पेनातल्या स्प्रिंगसारखा वेटोळे घेतलेला असतो, कधी मुळाशीच तुटलेला. प्लेटलेट कमी झाल्याचे ठिपके अशी केसांची मुळं निवडत नाहीत. एवढ्या खुणेवर निदान निम्मं होतं. बाकी निम्मं तोंडात: दोन दातांमधली हिरडी फुगून जांभळी, बोट लावलं की रक्त. पण लक्षात ठेवा, ज्यांना दातच नाहीत त्यांच्या हिरड्यांना स्कर्व्हीत काही होत नाही. कवळीवाल्या आजोबांच्या हिरड्या छान आहेत म्हणून शंका सोडून देऊ नये. याआधी काही आठवडे नुसता थकवा, पोटऱ्या दुखणं, चिडचिड. पुढे गुडघ्यात रक्त साचतं, जुने व्रण उकलतात.

आणि रिपोर्ट? प्लेटलेट, पीटी, एपीटीटी, तिन्ही नॉर्मल. म्हणून रुग्ण कातडीच्या डॉक्टरांकडून दातांच्या, तिथून हाडांच्या डॉक्टरांकडे फिरत राहतो. क ची रक्तातली पातळी मोजता येते, पण सॅम्पल बर्फात आणि अंधारात न्यावं लागतं, आणि आदल्या दिवशी दोन संत्री खाल्ली की पातळी चढलेली दिसते. त्यामुळे जाणता डॉक्टर पातळीपेक्षा ताटाबद्दल जास्त विचारतो.

शरीरात क चा साठा सुमारे 1500 मिग्रॅ. तो 300 च्या खाली गेला की लक्षणं दिसतात आणि तिथवर पोचायला क जवळपास शून्य असलेल्या आहाराचे एक ते तीन महिने लागतात. कोणाचा आहार असा असतो? एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांचा: सकाळी चहा-टोस्ट, दुपारी वरणभात, रात्री दूध-पोळी. दारूवर दिवस काढणाऱ्यांचा. डायलिसिसवाल्यांचा, कारण पोटॅशियमच्या भीतीने फळं बंद असतात आणि मशीनही क धुऊन नेतं. ॲसिडिटी आहे म्हणून 'आंबट बंद' आणि सर्दी होते म्हणून 'फळं बंद', अशी पथ्यं एकावर एक चढवलेल्यांचा. वारंवार रक्त चढवावं लागणाऱ्यांत साठलेलं लोह क लवकर संपवतं. सिगारेट ओढणाऱ्याला रोज 35 मिग्रॅ जास्त लागतं. तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याची गोष्ट आणखी वाकडी: तोंड आखडलं आणि जळजळायला लागलं की माणूस तिखट-आंबट सोडतो, म्हणजे लिंबू, संत्रं, टमाटर सगळंच सुटतं. तरी हेही खरं की हिरड्यांतून रक्त येणाऱ्या बहुतेकांना स्कर्व्ही नसते, दातांवर कीटण असतं. आधी दात साफ करून घ्यावेत.

गरज किती? आयसीएमआरच्या 2020 च्या शिफारशीत पुरुषांना रोज 80 आणि स्त्रियांना 65 मिग्रॅ. सालं-बिया काढून 100 ग्रॅम भरणारं मध्यम नागपुरी संत्रं ढोबळमानाने 30 ते 40 मिग्रॅ देतं, म्हणजे दोन-तीन संत्र्यांत दिवसाचं काम झालं. पेरू, आपल्या वऱ्हाडी बोलीतला जाम, याच वजनात 200 च्या आसपास देतो. आवळा त्याहून वर. आंबिया बहाराची संत्री हिवाळ्याच्या तोंडाशी, मृगाची फेब्रुवारी-मार्चमध्ये. मधल्या कोरड्या महिन्यांत लिंबू आहेच.

संत्रा बर्फी आणि सांबारवडी यांचा हिशेब यात धरू नका. सांबारात, म्हणजे कोथिंबिरीत, क भरपूर असतं, पण कढईतून निघाल्यावर फारसं उरत नाही. बर्फीसाठी आटवलेल्या गराचीही तीच गत. ही चूक इंग्रजी आरमारातही झाली होती. आरमाराचे डॉक्टर जेम्स लिंड यांनी 1747 मध्ये 12 आजारी खलाशांच्या सहा जोड्या करून सहा वेगवेगळे उपाय दिले. संत्री आणि लिंबू मिळालेली जोडी झपाट्याने बरी झाली. पुढे त्यांनीच टिकाऊपणासाठी रस आटवून ठेवायची शिफारस केली, आणि त्या आटवण्यात गुणच उडून गेला. घरी एवढंच करावं: लिंबू वरण उकळताना नाही, ताटात वाढल्यावर पिळावं. भाजी चिरून तासन् तास ठेवू नये, उकडलेलं पाणी ओतून देऊ नये.

उपचार स्वस्त आहे. रोज 300 ते 1000 मिग्रॅ, विभागून, साधारण महिनाभर, मग आहार. दोन-तीन दिवसांत दुखणं आणि मरगळ कमी होते, हिरड्यांचं रक्त आठवड्यात आटोक्यात येतं, डाग दोनेक आठवड्यांत फिके पडतात. इतक्या लवकर फरक पडला नाही तर निदान चुकलं असं धरून पुन्हा शोधावं. रोज 2 ग्रॅमच्या वर गेलं तर जुलाब होतात, आणि विदर्भाच्या उन्हात आधीच मूतखड्याची खोड असलेल्यांनी तर चघळायच्या नारिंगी गोळ्या गोळी-बिस्किटासारख्या खाऊच नयेत. जीसिक्सपीडी नावाच्या एन्झाइमची कमतरता असलेल्यांत मोठ्या डोसने तांबड्या पेशी फुटू शकतात.

बी12 आणि फोलिक

इथे रक्तस्राव क्वचित, पण फसगत मोठी. कमतरता फार वाढली की अस्थिमज्जेत पेशी नीट पिकत नाहीत. हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट तिन्ही घसरतात, आणि रिपोर्ट ब्लड कॅन्सरसारखा दिसतो. तांबड्या पेशी मोठ्या होतात, एमसीव्ही, म्हणजे त्यांचं सरासरी आकारमान, 100 च्या वर जातं. जीभ लाल गुळगुळीत, पायांना मुंग्या. शुद्ध शाकाहारी माणसं आणि वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणारे मधुमेही यांत जास्त. सोबत लोहही कमी असेल तर एमसीव्ही नॉर्मल दिसून चकवतो. विदर्भात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. त्यांच्या पेशी सतत फुटत असल्याने फोलिक जास्त खर्च होतं, म्हणून त्यांना ते रोज देतात. मात्र बी12 न तपासता नुसतं फोलिक सुरू ठेवलं तर रक्त सुधारतं आणि नसांचं नुकसान आत चालूच राहतं. सॅम्पल द्यायच्या आधी बी12 चं इंजेक्शन घेऊ नये. नंतर पातळी काहीच सांगत नाही.

जे जीवनसत्त्वाचं नाही

मे महिन्यात पारा 45 ला टेकला की घोळणा फुटतो तो बहुतेकदा कोरड्या हवेने. डोकं मागे टाकून वर पाणी ओतायची रीत चुकीची, रक्त घशात उतरतं. पुढे वाकून बसावं, नाकाचा खालचा मऊ भाग चिमटीत 10 ते 15 मिनिटं सलग धरावा, मध्येच सोडून बघू नये. पाळीत जास्त रक्त जाणं बहुधा गर्भाशयातली गाठ, हार्मोन किंवा थायरॉइड यांमुळे. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, स्टेरॉइड आणि म्हातारपणी पातळ झालेली कातडी यांनीही हातावर निळे डाग उठतात. अंगावर डाग असताना दुखण्यासाठी आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक घेऊ नये. प्लेटलेट आहेत तेवढ्याही त्यामुळे लंगड्या पडतात.

डांबरासारखं काळं शौच, रक्ताची उलटी, न थांबणारी धार, किंवा ॲसिट्रोम चालू असताना डोक्याला मार लागणं: यात ओपीडीची वेळ बघत बसू नये. नागपुरातली सरकारी इस्पितळं, मेडिकल असो की मेयो, जवळच्या कॅज्युअल्टीत थेट जावं.

बाकीच्यांनी डॉक्टरांकडे जाताना दोन गोष्टी न्याव्यात. घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या एका पिशवीत, चूर्ण आणि काढ्याच्या बाटल्यांसकट. आणि एका कागदावर मागच्या सात दिवसांत खरोखर काय खाल्लं ते, चहा-टोस्ट असेल तर चहा-टोस्टच. त्याखाली शौचाचा रंग लिहावा, आणि शेवटचं कच्चं फळ कधी खाल्लं ते.